विस्पंद

सेलूच्या स्टेशनामागं, सरकीच्या गोदामाला लागून
मकदूम मिस्त्रींचं दुकान. चार पत्रे, एक बाज,
आणि भिंतीला टेकवलेल्या, पोट उघडलेल्या सात पेट्या.
आठवी आमच्या शाळेची,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून मी आणलेली.

मे महिना. पत्र्याखाली बसलं की डोकं शिजतं.
मी म्हणालो, मधल्या सप्तकातला पंचम रडतोय.
त्यांनी भाता दोनदा हलवला, पट्टी दाबून धरली.
वांव, वांव, वांव, वांव.
"रोता नै, सर. दो जने हैं भीतर. झगड रैं."

एका पट्टीखाली पितळेच्या दोन जिभा,
एक दोनशे चाळीसदा हलते सेकंदाला,
दुसरी, समजा, दोनशे चव्वेचाळीस.
चारचा फरक, म्हणून चार विस्पंद.
एकोणीस वर्षं अकरावीला मी हे शिकवतोय.
प्रयोगशाळेत दोन स्वरकाटे होते,
त्यातला एक तपासणीच्या गडबडीत कुठंतरी गेला,
आणि तेव्हापासून विस्पंद फक्त फळ्यावर,
खडूनं काढलेली फुगीर लाट, शेजारी सूत्र, खाली दोन गुण.
ऐकला नव्हता किती वर्षांत.

मिस्त्रींनी जिभेखाली पत्र्याचा तुकडा सरकवला
आणि कानस उचलली.
शेंड्याला घासली की सूर चढतो,
बुडाला घासली की उतरतो.
मी सांगायला गेलो, वस्तुमान, ताठरपणा, वर्गमूळ.
ते म्हणाले, हौ. शेंड्याचं ओझं गेलं की पळतो,
बुडाचं बळ गेलं की बसतो.
मग म्हणाले, जरा थांबा, गाडी येतीय.

मालगाडी आली. भोंगा येताना बारीक,
फाटक ओलांडताच घसरला, जाड झाला.
पत्रे, बाज, आठही पेट्या थरथरल्या.
कोणीच पट्टी दाबलेली नसताना
कुठल्यातरी पेटीतली एक जीभ हलकेच बोलली.
आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.
कानस त्यांच्या मांडीवर तशीच.

उजवा कान त्यांचा जिनिंगमध्ये गेला,
बावीस वर्षं चरख्यांच्या गडगडाटात.
डाव्यात वरचे सूर पोचत नाहीत.
म्हणून लिंबाची काडी दातात धरायची,
दुसरं टोक पेटीच्या लाकडावर टेकवायचं,
डोळे मिटायचे.
पंचम जबड्यातून चढतो, कवटीत फिरतो.
हाडांतून ध्वनी जातो हे मला माहीत होतं.
पाहिलेला माणूस हा पहिलाच.

घासलं. वांव, वांव, वांव.
पुन्हा, इतकं थोडं की पितळेची भुकटीही दिसली नाही.
वांव... वांव...
मग एक लाट इतकी लांबली
की माझा श्वास तिच्याबरोबर अडकून राहिला.
आली. गेली. पुन्हा आली.
मिस्त्रींनी काडी तोंडातून काढली, कानस खाली ठेवली.

"अजून थोडं उरलंय," मी म्हणालो, "शून्य करा की."
"जमतं. पण मग एकच वाजल्यासारखं होतं.
दुसरा आहे का नाही, कळत नाही.
दोघांचे पैसे दिलेत तुम्ही."
ऐंशी रुपये झाले. मी शंभर दिले,
वीस परत घ्यायला लावले त्यांनी.

जूनअखेर वर्ग भरला. पेटी टेबलावर ठेवली.
हवा बदलल्यानं विस्पंद जरासा सरकला होता,
मिस्त्रींनी सोडलेला आता थोडा घाईचा.
फळ्याकडं पाठ करून मी पंचम दाबला
आणि म्हणालो, मोजा.
सगळे तोंडाकडं बघत राहिले, सूत्र कधी येतंय म्हणून.

शेवटच्या बाकावरची द्वारका घोडके,
वर्षात दोनदा बोललेली,
उठली, टेबलाशी आली, गाल लाकडावर टेकवला.
बराच वेळ टेकवला.
"सर, हे मिटतंय, उघडतंय," ती म्हणाली,
आणि बोटं मोजायला लागली.
मी खडू खिशात टाकला,
भाता हलवत राहिलो.